आम्ही आणि आपण

बोलणारा ज्या समुदायात स्वतःची गणना करतो त्याच समुदायात समोर बसलेल्या श्रोत्यालाही तो जागा देतो आहे की त्याला उंबऱ्याबाहेर ठेवतो आहे, ही गोष्ट मराठीत सर्वनाम उच्चारताक्षणीच उघडी पडते, आणि ही सोय आपल्याला दुधाबरोबर मिळालेली असल्यामुळे तिच्या अपूर्वाईकडे आपले सहसा लक्षही जात नाही. यजमान 'आपण जेवायला बसू' म्हणाला तर पाहुण्याचे पान वाढलेले आहे, आणि 'आम्ही आता जेवायला बसतो' म्हणाला तर पाहुण्याने पायांत वहाणा सरकवून निघावे, हे घरातल्या पोरासोरांनाही कळते. संस्कृताच्या 'वयम्'मध्ये हा भेद नाही, हिंदीच्या 'हम'मध्ये नाही, इंग्रजीच्या 'वुई'मध्ये तर नाहीच; तो आहे द्राविडी भाषांत, आणि आपल्याकडे तो त्याच शेजारातून आला असावा असे भाषापंडित मानतात. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतील दोन कृष्णवर्णीय वक्त्यांच्या दोन भाषणांचा मराठी तर्जुमा करण्याच्या भरीस मी पडलो, तेव्हा शब्दकोशाने मला कोठेही अडवले नाही; अडवले ते या सर्वनामाने. दर दहा-पाच ओळींनी येणाऱ्या त्या इवल्याशा शब्दापाशी लेखणी थांबे आणि विचारी की, हा मनुष्य येथे 'आम्ही' म्हणतो आहे की 'आपण'? पुढे पुढे मला असे वाटू लागले की, वर्ण आणि समता या विषयावरील भाषण श्रोत्याचे मन वळवते म्हणजे नेमके काय करते, हा प्रश्न या एका अडचणीत जवळजवळ समग्र सामावलेला आहे.

पहिले भाषण फ्रेडरिक डग्लस यांचे. १८५२ सालच्या जुलैच्या ५ तारखेस, न्यूयॉर्क संस्थानातील रॉचेस्टर या शहरी, कोरिंथियन हॉल नामक सभागृहात ते झाले. गुलामगिरीविरोधी कार्य करणाऱ्या तेथील स्त्रियांच्या मंडळीने राष्ट्रीय स्वातंत्र्योत्सवानिमित्त त्यांस पाचारण केले होते, आणि साडेबारा सेंटांचे तिकीट काढून पाच-सहाशे लोक ऐकावयास आले होते. उत्सवाचा दिवस ४ जुलैचा. वक्ता दुसऱ्या दिवशी बोलला, आणि या एका दिवसाच्या अंतरातच निम्मे भाषण होऊन गेले होते असे म्हणण्याचा मोह होतो. डग्लस यांनी आरंभी सभ्य गृहस्थाप्रमाणे संकोच व्यक्त केला, १७७६ साली ज्यांनी इंग्रजांचे जोखड झुगारले त्या पुरुषांच्या धैर्याची मोकळ्या मनाने तारीफ केली, आणि हे सर्व करीत असता एक शब्द हातोडीच्या ठोक्यासारखा पुनःपुन्हा वापरला: तुमचे. तुमचे पूर्वज, तुमचे स्वातंत्र्य, तुमचा उत्सव. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' यांत फरक करता येत नाही म्हणून त्यांना तो 'तुमचे' या शब्दाने करावा लागला. पण विशेष असा की, त्याच भाषणात श्रोत्यांना त्यांनी हाक मारली ती 'सहनागरिकहो' अशी. संबोधनात 'आपण' आणि सर्वनामात 'तुम्ही', अशा दोन खुंट्यांना ताणून बांधलेल्या दोरीवर ते भाषण उभे आहे. ऐकणाऱ्याला अस्वस्थ करते ते त्या दोरीचे ताणलेपण.

ॲरिस्टॉटलने मन वळवण्याची तीन साधने सांगितली आहेत: वक्त्याचे शील, श्रोत्याचा भाव आणि भाषणातील युक्तिवाद. शाळेतल्या पाठाप्रमाणे ही तीन खणांची पेटी घेऊन कोणत्याही भाषणातील वाक्ये तीत टाकीत बसणे सोपे आहे. पण ज्याच्या माणूसपणाविषयीच श्रोता साशंक आहे अशा वक्त्याच्या हाती ही पेटी दिली म्हणजे तिचे तळ निखळतात. शीलाचेच पाहा. डग्लस मेरिलंडमध्ये गुलाम म्हणून जन्मले, १८३८ साली पळाले, आणि तीनच वर्षांनी गुलामगिरीविरोधी व्यासपीठावर बोलू लागले; ते इतके उत्तम बोलत की, हा मनुष्य कधी गुलाम असणे शक्यच नाही असे लोक म्हणू लागले. त्यांच्या गोऱ्या हितचिंतकांनी त्यांस सल्ला दिला की, बोलण्यात थोडी मळ्यावरची बोली राहू द्यावी, तुम्ही हकीकत सांगावी आणि तत्त्वज्ञानाचे आम्ही पाहून घेऊ. (या 'आम्ही'चा तर्जुमा करताना मला क्षणभरही थांबावे लागले नाही.) चांगले बोलावे तर साक्षीदार म्हणून विश्वास उडतो, आणि वाईट बोलावे तर माणूस म्हणून! या कात्रीतून सुटण्यासाठी १८४५ साली त्यांनी मालकांची आणि गावांची नावे घालून आत्मचरित्र छापले. म्हणजे ज्या कायद्याने ते फरारी इसम होते त्या कायद्याला आपला पत्ता कळवला. तेव्हा सागर ओलांडून आयर्लंड-इंग्लंडात आश्रय घेणे भाग पडले, आणि तेथील स्नेह्यांनी १८४६ साली १५० पौंड मोजून त्यांची खरेदीखतातून मुक्तता केली. वक्त्याच्या शीलाची किंमत इतक्या रोखठोक रीतीने चुकती झाल्याचे उदाहरण वक्तृत्वशास्त्राच्या ग्रंथांत माझ्या पाहण्यात नाही.

आता युक्तिवाद. येथे एक जुना तात्त्विक पेच आहे. जो आपली समता सिद्ध करावयास उभा राहतो तो श्रोत्याला आपोआपच न्यायासनावर बसवतो. 'मी माणूस आहे हे मी दाखवून देतो' या वाक्यात 'तसे न ठरवण्याचा अधिकार तुम्हाला आहे' हे मुकाट्याने मान्य केलेले असते. मग वाद करावा की न करावा? डग्लस यांनी या पेचातून काढलेली वाट आपल्याकडील मीमांसकांना मोठी रुचली असती. त्यांनी जाहीर केले की, गुलाम हा मनुष्य आहे हे मी सिद्ध करणार नाही, कारण ते तुमच्याच कायद्याने आधीच कबूल केले आहे. व्हर्जिनिया संस्थानात काळ्या माणसाने केल्यास देहान्त शासन होईल असे गुन्हे ७२ आहेत आणि गोऱ्याला त्यांपैकी अवघ्या दोहोंसाठी ती शिक्षा आहे. आता ज्याला पापपुण्य कळत नाही अशा प्राण्याला कोणी फाशीचा हुकूम सुनावतो काय? दक्षिणेतील संस्थानांत गुलामाला लिहावाचावयास शिकवण्याची मनाई आहे; शेतातल्या बैलाला अक्षरओळख करून देऊ नये असा कायदा कोणी केल्याचे ऐकिवात आहे काय? देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी धष्टपुष्ट आहे, त्या अर्थी तो रात्री जेवत असला पाहिजे, हे अर्थापत्तीचे आपले पाठशाळेतले उदाहरण. व्हर्जिनियाचा दंडसंग्रह हा डग्लस यांचा धष्टपुष्ट देवदत्त होय. जे प्रतिपक्षाला मान्यच आहे ते सिद्ध करीत बसणे हा न्यायशास्त्रात सिद्धसाधन नावाचा दोष गणला जातो, आणि तो दोष आपण करणार नाही असे सांगत सांगतच वक्त्याने सारा पुरावा समोर मांडला. न्यायासन जागच्या जागी राहिले. फक्त त्यावर बसलेला मनुष्य साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आला, आणि तोही स्वतःच्याच विरुद्ध.

भावनेचे आवाहन त्यांनी अश्रूंनी केले नाही असे नाही, परंतु माझ्या मनात रुतून बसला आहे तो एक हिशेब. १८५० सालच्या कायद्यान्वये फरारी गुलामाची चौकशी करणाऱ्या अंमलदाराने आरोपीला मालकाच्या हवाली केल्यास त्याला १० डॉलर मेहनताना मिळे, आणि मुक्त केल्यास ५. डग्लस यांनी हे सभेत सांगितले. कागदी कामाच्या वाढीव श्रमाबद्दल हा फरक ठेवला आहे असे कायद्याचे समर्थक म्हणत. प्रत्येक कचेरीत असे एक कारण नेहमीच तयार असते.

परंतु या सर्वांहून खोल जाणारे आवाहन धर्माचे होते, आणि मला ज्या प्रश्नाशी यावयाचे आहे तो तेथेच आहे. बाबिलोनच्या नदीकाठी बंदिवान झालेल्या यहुद्यांना त्यांचे जेते गाणे म्हणावयास सांगतात, ते स्तोत्र डग्लस यांनी आपल्यावर घेतले. म्हणजे त्या सभागृहातील भाविक ख्रिस्ती श्रोत्यांना, त्यांनी आजवर स्वतःला ज्या जागी कल्पिले होते त्या जागेवरून उठवून, जेत्यांच्या रांगेत बसवले. प्रयोग विलक्षण खरा. पण तोच ग्रंथ गुलामांच्या मालकांच्याही मेजावर होता. नोहाच्या शापाची कथा, दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हा पौलाचा उपदेश, यांवर दक्षिणेतील चर्चांतून प्रवचनांमागून प्रवचने होत होती. आणि ईश्वराने सर्व राष्ट्रे एकाच रक्तापासून निर्माण केली हे वचन उत्तरेकडून तितक्याच निष्ठेने पुढे केले जात होते. १८६५ सालच्या मार्चमध्ये, यादवी युद्ध संपत आले असता, दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेताना लिंकन यांनी आपल्या अवघ्या सातशे शब्दांच्या भाषणात हीच व्यथा बोलून दाखवली की, दोन्ही पक्ष एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाची करुणा भाकतात. वचनाला प्रतिवचन सापडतेच असे असेल, तर धर्मग्रंथाच्या आधारे केलेले समतेचे आवाहन कशाच्या बळावर उभे राहते?

माझ्या समजुतीप्रमाणे ते वचनाच्या बळावर उभे राहतच नाही. ते उभे राहते श्रोत्याच्या शपथेवर. या दोहोंतील भेद कोर्टकचेरीच्या भाषेत सांगावयाचा तर तो अर्ज आणि दावा यांतील भेद होय. अर्जदार सरकारच्या मेहेरबानीवर अवलंबून असतो; दावेदार हाती दस्तऐवज घेऊन येतो आणि म्हणतो, सही आपली आहे, ओळखा. विल्यम लॉइड गॅरिसन हे गुलामगिरीविरोधकांचे अग्रणी अमेरिकेची राज्यघटना हाच एक पापाचा करारनामा समजत, आणि १८५४ च्या ४ जुलै रोजी फ्रॅमिंगहॅम येथे त्यांनी तिची प्रत जाहीर सभेत जाळली. डग्लस प्रथम त्यांचेच अनुयायी. पण १८५२ पर्यंत त्यांची खात्री झाली होती की, तो दस्तऐवज जाळण्यापेक्षा वाचावा, कारण त्याच्या अक्षरांत त्याच्या लेखकांच्या मनात होते त्याहून अधिक आहे. (भाषणाची समाप्ती मात्र त्यांनी गॅरिसन यांच्याच कवितेने केली, मतभेदाची ही रीत आपल्या सभांतून दिसती तर किती बहार होती.) ज्या जेफर्सन यांच्या लेखणीतून स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातले सर्व मनुष्ये समान असल्याचे वाक्य उतरले ते स्वतः हयातभरात सहाशेंवर गुलामांचे धनी होते. लिहिणाऱ्याचा मनोदय अपुरा असला तरी 'सर्व' हा शब्द पुरा होता, आणि शब्दाला लिहिणाऱ्याच्या मनोदयाची मर्यादा मान्य नसते.

एकशे अकरा वर्षांनी, १९६३ च्या २८ ऑगस्ट रोजी, वॉशिंग्टन येथे लिंकन यांच्या स्मारकाच्या पायऱ्यांवरून अडीच लाखांच्या समुदायापुढे मार्टिन लूथर किंग यांनी नेमका हाच दावा सराफी भाषेत मांडला. प्रजासत्ताकाच्या संस्थापकांनी प्रत्येक नागरिकाला, काळ्या-गोऱ्या सर्वांना, एक कर्जरोखा लिहून दिला होता, आणि कृष्णवर्णीय तो घेऊन गेले तेव्हा शिल्लक नाही असा शेरा मारून तो परत आला, असा त्याचा आशय. आपल्या पेढ्यांवरील जुन्या माणसांना हे रूपक विस्ताराने समजावण्याची गरज पडली नसती. हुंडी नामजोग असते, म्हणजे जिच्यावर ज्याचे नाव त्यालाच पैसे, किंवा देखनहार असते, म्हणजे जो आणून दाखवील त्याला. १८५७ साली ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या खटल्यात सरन्यायाधीश टॅनी यांनी निकाल दिला की, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील 'सर्व' शब्दात आफ्रिकी वंशाचे लोक अभिप्रेत नव्हते. थोडक्यात, हुंडी नामजोग ठरवली. शंभर वर्षांनी किंग पेढीवर उभे राहून म्हणत होते की, ती देखनहार आहे. आणि त्यांच्या तोंडी सर्वनाम बदलले होते: डग्लस जेथे तुमचे म्हणत तेथे किंग आमचे, नव्हे आपले, म्हणत होते. निदान तर्जुम्यात मी प्रथम तसे लिहिले. मग पुढचा परिच्छेद आला, त्यात पोलिसांच्या मारहाणीची, हॉटेलांतून खोली नाकारली जाण्याची गाऱ्हाणी होती, आणि तेथे 'आपण' लिहिणे अशक्य झाले. एकाच भाषणात तो शब्द क्षणात आम्ही होतो, क्षणात आपण होतो; इंग्रजी श्रोत्याला हा सांधा कळतही नाही, आणि न कळता तो एका काठावरून दुसऱ्या काठावर नेला जातो.

हे सर्व वाचताना आपल्याकडे दृष्टी वळणे अपरिहार्य आहे, आणि ते केवळ सादृश्याच्या हौसेने नव्हे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले तेव्हा, गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस ते अर्पण केले होते. तेव्हा हा धागा आपल्याच माणसाने ओढून आणलेला आहे. परंतु धागा जुळतो तेथेच एक गाठही पडते. डग्लस आणि किंग यांच्या हाती श्रोत्याच्या सहीचा कागद होता. आपल्याकडे तसा कागद होता काय? चातुर्वर्ण्याच्या स्मृतीत असा 'सर्व' कोठेच नाही की ज्यावर बोट ठेवून देणेकऱ्याला अडवावे; १९२७ च्या २५ डिसेंबरला महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, त्याचे मर्म मला यात दिसते. गॅरिसन यांनी जाळलेल्या कागदावर वसूल करण्याजोगी बाकी होती, महाडास जाळलेल्या ग्रंथावर नव्हती.

यावर कोणी म्हणेल की, उपनिषदांत तर 'सर्व' शिवाय दुसरे काही नाही. खरे आहे, आणि डॉ. आंबेडकरांनीही १९३६ सालच्या, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासमोर व्हावयाच्या परंतु निमंत्रकांनीच माघार घेतल्यामुळे न झालेल्या, आणि मग स्वखर्चाने छापलेल्या भाषणात सुचवले आहे की, समतेला अनुकूल तत्त्वे कदाचित तुम्हाला परक्याकडून उसनी घ्यावी लागणार नाहीत, ती उपनिषदांत सापडतील. पण त्या 'सर्वा'ची व्यवस्था आपण मोठ्या चतुराईने लावून ठेवली होती. परमार्थात अभेद आणि व्यवहारात भेद, अशी दोन खाती उघडली, आणि हुंडी नेहमी पहिल्या खात्यावर काढली. ज्या शंकराचार्यांनी ब्रह्माखेरीज काही नाही असे सांगितले त्यांनीच ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही असा निर्णय दिला, आणि त्यात त्यांना विसंगती वाटली नाही. काशीच्या वाटेवरील चांडाळाची आख्यायिका घ्या. आचार्यांनी 'दूर हो' म्हणताच तो विचारतो की, दूर कोणी व्हावे, या देहाने की आतल्या आत्म्याने? डग्लस यांच्या ७२ गुन्ह्यांइतकाच हा प्रश्न बिनतोड आहे, आचार्य नमतात. आणि त्याच क्षणी कथा आपल्याला सांगते की, तो चांडाळ नव्हताच, प्रत्यक्ष विश्वनाथ होता! म्हणजे नमस्कार योग्य खात्यावर जमा झाला, आणि चांडाळ रस्त्यात होता तेथेच राहिला. अमेरिकेच्या दक्षिणेतील संस्थानांतले पाद्री गुलामांना स्वर्गात समान आसन देत असत. दोन्हीकडच्या जमाखर्चाची वही एकाच हाताने लिहिल्यासारखी वाटते.

म्हणून आंबेडकरांनी त्या न झालेल्या भाषणात श्रोत्याच्या धर्मग्रंथाला साक्षीस बोलावण्याचे नाकारले आणि त्या ग्रंथाच्या प्रामाण्यावरच घाव घातला. 'हरिजन'मधून गांधीजींनी उत्तर दिले ते साधारणतः असे की, धर्माची परीक्षा त्याच्या वाईट नमुन्यांवरून नव्हे, उत्तम नमुन्यांवरून करावी. वक्तृत्वाच्या दृष्टीने गांधीजींचा मार्ग अधिक परिणामकारक असे पुष्कळांना वाटते, कारण श्रोत्याला त्याच्याच घराच्या दाराने आत नेता येते. मला मात्र असे वाटते की, जेथे शपथच घेतलेली नाही तेथे शपथेची आठवण करून देणे म्हणजे अर्जाला दाव्याचा वेष चढवणे होय. आधी कागद करावा लागतो. तो पुढे तेरा वर्षांनी, भारताच्या राज्यघटनेच्या रूपाने, त्याच हातांनी झाला, आणि त्याच्या मराठी पाठाचा पहिला शब्द 'आम्ही' आहे, याकडे व्याकरणप्रेमी वाचकाने लक्ष द्यावे. कोणाला वगळणारे हे 'आम्ही'? बहुधा सर्व लोक एका बाजूस आणि समोर इतिहास, अशी तेथे कल्पना असावी. १९४९ च्या २५ नोव्हेंबरला घटना समितीपुढे बोलताना आंबेडकरांनी बजावले होतेच की, राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता अशा विसंगतीत आपण पाऊल टाकीत आहोत.

किंग यांच्या भाषणाचा उत्तरार्ध, ज्यात त्यांनी लिहून आणलेला कागद बाजूला ठेवला आणि स्वप्नाची गोष्ट सांगितली, जगाला पाठ आहे. आमोस व यशया या संदेष्ट्यांच्या प्रतिमा त्यात लाटांप्रमाणे येतात, आणि त्यावर मी अधिक लिहीत नाही. एवढेच नमूद करतो की, त्यानंतर अठराव्या दिवशी, १५ सप्टेंबरला, बर्मिंगहॅम येथील चर्चमध्ये सुरुंग पेरून चार मुलींना ठार मारण्यात आले. ज्यांनी तो पेरला त्यांच्या कानांवरही ते भाषण पडले असणे अशक्य नाही.

त्याआधी चार वर्षे, १९५९ साली, किंग भारतात आले होते. त्या प्रवासातील एक प्रसंग त्यांनी पुढे १९६५ मध्ये आपल्या अटलांटाच्या चर्चमधील प्रवचनात सांगितला. प्रवचनाची तारीख होती ४ जुलै. त्रिवेंद्रममधील एका शाळेत, जेथील बहुतेक मुले पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य घरांतील होती, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून देताना सांगितले की, अमेरिकेहून आलेला हा आपल्यासारखाच एक अस्पृश्य आहे. किंग प्रथम चमकले; त्यांना ते थोडे लागलेही. मग आपल्या देशातील दोन कोटी बांधव कोणत्या वस्त्यांत राहतात, कोणत्या शाळांत जातात, हे त्यांच्या मनात येऊ लागले, आणि त्यांनी स्वतःशी म्हटले की, होय, मी अस्पृश्य आहे.

मलयाळम भाषेतही आपल्यासारखीच दोन सर्वनामे आहेत. मुख्याध्यापक कोणत्या भाषेत बोलले असोत, त्यांच्या मनातले सर्वनाम कोणते होते याविषयी संशय नाही. मराठीतील 'आपण' हा शब्द 'आत्मन्'पासून आला. स्वतः, आदरार्थी तुम्ही, आणि तुमच्यासह मी, असे तिन्ही अर्थ तो आज एकत्र वाहतो. त्या शाळेतील ते वाक्य माझ्या तर्जुम्याचा भाग नव्हते. तरी मी ते वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवले आहे, आणि त्याच्या मराठीत मला काहीही खोडावे लागले नाही.